धुराचा रंग राहू द्या, वेळ सांगा

प्रश्न : माझ्याकडे २०११ची फियाट लिनिया टी-जेट आहे, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकानं रिमॅप केला होता आणि कॅट काढून सरळ डाउनपाइप टाकला होता. मी ओपन फिल्टर आणि ऑईल कॅच कॅन बसवून घेतला. अलीकडे अजनी चौकात किंवा व्हरायटी चौकात सिग्नलला दोन-तीन मिनिटं थांबून निघालो, की मागून निळसर-पांढऱ्या धुराचा लोट निघतो. मागचा दुचाकीवाला तोंडाला रुमाल लावतो. पाच-सात सेकंदांत धूर बंद. पुढे वर्धा रोडवर कितीही पळवा, काही नाही. सकाळी पहिल्यांदा सुरू करतानाही काही नाही. ऑईल मात्र हजार किलोमीटरला साधारण अर्धी कांडी कमी होतं. एक मिस्त्री म्हणतो टर्बो गेला. दुसरा म्हणतो रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल. तिसरा म्हणतो, मॉडिफाय गाडी आहे, धूर मारणारच. खरं कोणाचं? आणि नुसत्या रंगावरून हे कळत कसं नाही? बॉनेटखालचे फोटो सोबत आहेत.
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : तिसऱ्या मिस्त्रींना आधी बाजूला ठेवू. ‘मॉडिफाय गाडी धूर मारणारच’ हे वाक्य गॅरेजात फार चालतं, कारण ते बोललं की पुढे काही शोधावं लागत नाही. तुमच्या गाडीचं १३६८ सीसीचं इंजिन कंपनीतून ११४ पीएस घेऊन निघालं. त्याच घराण्यातलं इंजिन २०१५च्या अबार्थ पुंटोत १४५ पीएस देत होतं, आणि ती गाडी काही शोरूममधून धूर सोडत बाहेर पडत नव्हती. ताकद वाढवली म्हणून ऑईल जळत नाही. त्याला कुठून तरी वाट सापडते म्हणून जळतं.

रंगाचं विचारलंत ते बरं केलं. पाठ्यपुस्तकातलं उत्तर सगळ्यांना पाठ असतं : निळा म्हणजे इंजिन ऑईल, काळा म्हणजे जास्तीचं इंधन, पांढरा म्हणजे पाणी नाहीतर कूलंट. ते चूक नाही, पण रस्त्यावर हा साक्षीदार सारखी जबानी फिरवतो. जळक्या ऑईलचे बारीक कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान असतात. असे कण निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि तांबडा-पिवळा सरळ जाऊ देतात. त्यामुळे मागे काळपट भिंत असेल आणि ऊन बाजूनं पडत असेल, तर धूर निळा दिसतो. तोच धूर मावळत्या सूर्याकडे तोंड करून पाहिला तर तपकिरी दिसतो. कण मोठे झाले, किंवा थंडीत त्यांच्यावर पाण्याची वाफ बसून ते फुगले, की सगळेच रंग सारखे विखुरतात आणि धूर पांढरा होतो. विडी ओढणाऱ्याकडे नीट पाहा. पेटत्या टोकाशी निघणारा धूर निळसर असतो, छातीतून फिरून आलेला पांढुरका. तंबाखू तीच.

(प्रकाशाच्या विखुरण्यासाठी पुढे नोबेल मिळवणारे चंद्रशेखर व्यंकट रामन १९१०मध्ये काही काळ आपल्या नागपुरातच अर्थखात्याच्या नोकरीत होते. त्यांचा तो शोध निराळ्या प्रकारच्या विखुरण्याचा आणि कलकत्त्याचा, १९२८चा. पण नागपुरी माणसाला हे माहीत असावं, म्हणून सांगून टाकलं.)

तुमच्या गाडीत आणखी एक घोळ आहे. कॅट काढलेला आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट तापलेला असला, की त्यातून जाणारं थोडंफार ऑईल तो जाळून टाकतो. म्हणजे आज दिसणारा धूर कदाचित आधीही निघत असेल, फक्त कॅट तो गिळत असेल. ‘आत्ता सुरू झालं’ यावर म्हणूनच फार भिस्त ठेवू नका.

तेव्हा रंग राहू द्या. धूर केव्हा येतो ते धरा. तुमच्या पत्रात तेच नेमकं लिहिलंय आणि निम्मं निदान तिथंच झालंय.

व्हॉल्व्ह सील गेलेलं इंजिन सहसा सकाळी सापडतं. रात्रभर हेडमधलं ऑईल व्हॉल्व्हच्या दांडीवरून थेंबाथेंबानं खाली उतरतं आणि पहिल्या स्टार्टला एक लोट सोडतं. दुसऱ्यांदा ते सापडतं उतारावर. गिअरमध्ये असताना पाय काढला की इनटेक मॅनिफोल्डमध्ये जोराची ओढ तयार होते, ती सीलमधून ऑईल खेचते आणि परत रेस दिली की धूर दिसतो. लोणावळ्याच्या माणसाला हे घाटात कळतं, आपल्याला पूल शोधावा लागतो. कामठी रोडचा नवा डबल डेकर पूल आहे ना, तो उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण काढा आणि खाली येऊन पिकअप द्या. मागच्या गाडीत मित्राला मोबाइलवर शूटिंग करायला बसवा. (उतराल तो चौक ऑटोमोटिव्ह चौकच. योग जुळून आला म्हणायचा.) सकाळी धूर नाही हे तुम्ही आधीच सांगितलंय. या उतारावरही निघाला नाही, तर व्हॉल्व्ह सीलवरचा संशय बराच ओसरतो.

रिंगा गेलेलं इंजिन लपत नाही. त्याला जोर लावा, चढावर चार माणसं बसवून ओढायला लावा, की धूर मारतं आणि मारतच राहतं. वर्धा रोडवर फुल रेस देऊनही तुमची गाडी स्वच्छ जाते. रिंगांचं म्हणून मला पटत नाही. इंजिन खोलायचा खर्च या पुराव्यावर कोणी सांगत असेल, तर नमस्कार करून निघा.

उरतो तो एकच प्रकार : उभ्या गाडीत ऑईल साचतं आणि निघताना बाहेर पडतं. इथं पहिल्या मिस्त्रींचा टर्बो येतो. त्यांनी बोट योग्य ठिकाणी ठेवलंय, पण दोष तिथंच आहे असं मला वाटत नाही.

टर्बोचं ‘ऑईल सील’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रबराची रिंग येते. टर्बोत तसलं काही नसतं. पेट्रोल इंजिनच्या टर्बाइनमध्ये येणारा धूर ८००-९०० अंशांचा असतो आणि लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो. रबर तिथं क्षणभर टिकणार नाही. म्हणून दांड्यावर पिस्टनच्या रिंगेसारखी पातळ धातूची रिंग असते. ती ऑईल घट्ट अडवत नाही. ऑईल आत राहतं ते दोन कारणांनी : बाहेरच्या बाजूला हवेचा किंवा धुराचा दाब आतल्यापेक्षा जास्त असतो, आणि आत आलेलं ऑईल खालच्या जाड पाइपातून आपल्या वजनानं लगेच इंजिनच्या तळच्या चेंबरमध्ये उतरून जातं. उतरायला अडथळा आला की ऑईल बेअरिंगच्या खणात तुंबतं आणि त्या रिंगेतून पाझरतं. टर्बो शाबूत असतो, तरी धूर सोडतो. नवा टर्बो बसवला तर तोही आठवड्यात तेच करतो. एका टर्बोवर दुसरा टर्बो बसवून गाडी तशीच्या तशी धूर मारत परत आलेले लोक विदर्भात कमी नाहीत.

आता तुमचे फोटो. दुसऱ्या फोटोत बॅटरीशेजारी निळ्या रंगाचा कॅच कॅन आहे. दिसायला देखणा. त्यात जाणारी नळी मात्र करंगळीएवढी. व्हॉल्व्ह कव्हरपासून निघून ती एकदा खाली लोंबते आणि मग वर चढते, म्हणजे त्या झोळात पाणी आणि ऑईलचा चिखल साचणारच. तिसरा फोटो मोठा करून पाहिला, तर इनटेक मॅनिफोल्डवर जिथं कंपनीची ब्रीदरची नळी लागायची, तिथं रबरी टोपी घालून होज क्लिप आवळलेली दिसते. कॅनच्या डोक्यावर छोटा फिल्टर, तो उघड्या हवेत. माझा संशय तिथं आहे.

प्रत्येक इंजिनात पिस्टनच्या कडेनं थोडा गॅस खाली चेंबरमध्ये निसटतोच. गॅरेजात त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. तो बाहेर काढायची कंपनीची व्यवस्था टर्बो गाडीत दुहेरी असते. इंजिन सावकाश चालत असतं तेव्हा इनटेक मॅनिफोल्डची ओढ एका वन-वे व्हॉल्व्हमधून तो गॅस खेचून घेते. बूस्ट चढला की तो वन-वे व्हॉल्व्ह बंद होतो आणि गॅस टर्बोच्या तोंडाशी जाणाऱ्या दुसऱ्या नळीतून ओढला जातो. तुमच्या गाडीत या दोन्ही ओढी काढून टाकल्यात. आता गॅसला आपल्या जोरावर त्या बारीक, चिखल झालेल्या नळीतून बाहेर पडायचंय. परिणामी चेंबरमध्ये सतत थोडा दाब राहतो. तो फार नसतो. पण टर्बोतून ऑईल खाली येतं ते पंपानं नाही, नुसत्या वजनानं, आणि त्याला अडवायला तेवढा दाब पुरतो.

सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा टर्बाइनच्या बाजूला धुराचा दाब जवळपास नसतोच. कॅट काढल्यानं जो थोडा होता तोही गेला. ऑईल पंप मात्र बेअरिंगला ऑईल देतच असतो. दोन-तीन मिनिटं ते ऑईल तुंबतं, गरम टर्बाइनच्या घरात झिरपतं, आणि तुम्ही क्लच सोडताच लोट बनून निघतं. वेग आला की धुराचा दाब वाढतो, झिरपणं थांबतं. हे ऑईल सिलिंडरमध्ये जळलेलं नसतं, तापून नुसतं उडालेलं असतं. त्याचे कण मोठे असतात, आणि म्हणून तुम्हाला तो निळ्यापेक्षा पांढऱ्याकडे झुकलेला दिसतो. पत्रातली प्रत्येक खूण या एका कारणात बसते. तरी बसते म्हणून ते खरंच आहे असं नाही, तेव्हा तपासा. सगळ्यात स्वस्त तपासणी आधी.

मेडिकलमधून एक सर्जिकल हातमोजा आणा. इंजिन सुरू करून सावकाश चालू द्या, ऑईल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर मोजा ताणून रबरबँड लावा. पट्टा आणि पंखा फिरत असतो, बाही आणि ओढणी सांभाळा. धडधाकट इंजिनात मोजा आत ओढला जातो, निदान लुळा पडून राहतो. तुमचा मोजा बोटं पसरून उभा राहिला, तर समजा चेंबरमध्ये दाब आहे. मग इंजिन बंद करा, मॅनिफोल्डवरची टोपी काढा आणि मधे चांगला वन-वे व्हॉल्व्ह घालून ती नळी पूर्ववत ब्रीदरला जोडा. व्हॉल्व्ह तोंडानं फुंकून पाहा : मॅनिफोल्डच्या दिशेनं वारा गेला पाहिजे, उलट अजिबात नाही. उलटा बसला तर बूस्टची सगळी हवा चेंबरमध्ये भरेल आणि आजच्यापेक्षा मोठा घोटाळा होईल. जोडून झालं की मोजा पुन्हा लावा. या वेळी तो खाली बसला, तर चोर सापडला. ओढ परत जोडूनही फुगतच राहिला, तर मी रिंगांबद्दल वर जे लिहिलं त्याचा फेरविचार करू.

दुसरी तपासणी प्लगांची. चारही प्लग काढून क्रमानं वर्तमानपत्रावर मांडा. एकच ओला, काळा, तेलकट असेल तर दोष त्या सिलिंडरचा आहे, म्हणजे तिथला सील किंवा रिंग. चारही सारखे तेलकट असतील तर ऑईल इनटेकच्या वाटेनं येतंय. आणि चारही कोरडे, फिकट तपकिरी असतील, तरी मागे धूर असेल, तर ऑईल सिलिंडरच्या पुढे मिसळतंय. सिलिंडरच्या पुढे ऑईल मिसळण्याची मुख्य जागा टर्बाइन. तुमचे चारही कोरडे निघतील असं मला वाटतं.

तसं झालं तर टर्बोचा खालचा ड्रेन पाइप काढून बघायला सांगा. हे घरी करू नका, जुने नट तुटतात. पाइप शक्यतो उभा हवा, मधे चिमटलेला नको आणि त्याचं तोंड चेंबरमधल्या ऑईलच्या पातळीच्या वर हवं. जोडाला गॅस्केटऐवजी लाल सिलिकॉन फासलेलं असेल तर आतून बघा. पिळून आत आलेल्या सिलिकॉननं अर्धा पाइप बुजलेला असतो आणि बाहेरून सगळं झकास दिसतं. ऑईलची पातळीही बघा. अर्धी कांडी कमी होते म्हणून लोक धसका घेऊन खुणेच्या वर भरून ठेवतात, आणि जास्त भरलेलं ऑईलही ड्रेनचा रस्ता अडवतं.

टर्बोचा दांडा तपासायचाच झाला तर इंजिन थंड असताना इनटेकचा पाइप काढून चाक बोटानं हलवा. वर-खाली किंचित हललं तर घाबरू नका, ऑईलवर तरंगणाऱ्या दांड्याला तेवढी जागा लागते. आत-बाहेर जाणवण्याइतकं सरकलं, किंवा पाती बाजूच्या भिंतीला घासल्याच्या खुणा असल्या, तर मात्र पहिल्या मिस्त्रींचं बरोबर आणि माझं चूक.

ऑईल किती जातंय ते मोजून ठेवा. बहुतेक गाड्यांत कांडीवरच्या दोन खुणांमध्ये साधारण लिटरभर मावतं, म्हणजे तुमचं हजार किलोमीटरला अर्धा लिटर. काही कंपन्या आपल्या टर्बो इंजिनांना एवढं चालवून घेतात. मी घेणार नाही, पण लगेच इंजिन उतरवावं असा हा आकडा नव्हे. कूलंटच्या बाटलीवर मार्करनं रेघ मारून महिनाभर लक्ष ठेवा, म्हणजे हेड गॅस्केटची शंकाही मिटेल. आणि दुरुस्ती झाल्यावर पहिल्याच दिवशी धूर दिसला म्हणून गॅरेजवर धावून जाऊ नका. सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑईल जळून जायला चार-आठ दिवस लागतात.


प्रश्न : माझी स्विफ्ट डिझेल, १.३चं इंजिन. ट्यूनिंग बॉक्स लावलाय. डिसेंबरात समृद्धीनं शिर्डीला गेलो तेव्हा धूर नव्हता. मे महिन्यात त्याच रस्त्यानं गेलो तर ओव्हरटेक करताना मागे काळाकुट्ट. बॉक्स खराब झाला का?
– एक वाचक, काटोल

उत्तर : बॉक्स जसा होता तसाच आहे, हवा बदलली. डिझेल इंजिनात काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी. स्वस्तातले बॉक्स सेन्सरचा निरोप मधेच बदलून इंजिनाला जास्त डिझेल सोडायला लावतात, पण त्याबरोबर हवा वाढवत नाहीत. डिसेंबरच्या पहाटे आपल्याकडे पारा १० अंशांच्या आसपास असतो, मे महिन्यात दुपारी ४५. तेवढ्या फरकानं त्याच घनफळातली हवा सुमारे ११ टक्क्यांनी विरळ होते. हा नुसता वातावरणाचा हिशेब झाला. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती आणखी तापते : ४५ अंशांची हवा एक बार बूस्टला दाबली तर टर्बोतून बाहेर पडताना ती १४० अंशांच्या पुढे जाते. हे सगळं उतरवायचं काम इंटरकूलरचं. त्याच्या जाळीत चिखल, किडे आणि शेतातला भुसा बसलेला असेल, तर डिसेंबरात भागून जातं, मे महिन्यात नाही. कंपनीच्या सेटिंगमध्ये या दिवसासाठी जागा राखलेली असते. तुमच्या बॉक्सनं तीच खाल्ली.

आधी बॉक्सचा प्लग काढा आणि कंपनीच्या वायरिंगवर त्याच दुपारी त्याच रस्त्यानं चालवा. धूर गेला, तर विषय संपला. तरीही राहिला, तर टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन या रबरी पाइपांचे सगळे जोड साबणाच्या पाण्यानं तपासा. सुटलेल्या जोडाभोवती सहसा तेलकट धुळीचा काळा गोल पडलेला असतो आणि बूस्ट चढताना ‘फुस्स’ असा आवाज येतो. मग एअर फिल्टर, मग काजळीनं अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह. इंजेक्टर सगळ्यात शेवटी, कारण ते महाग आहेत आणि बहुतेक वेळा निर्दोष असतात.

आणखी एक. तासन् तास १२०नं चालवून रेस्ट एरियात शिरलात की लगेच चावी फिरवू नका. शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू या, किंवा मिनिटभर इंजिन चालू ठेवा. एकदम बंद केलं की लालबुंद टर्बोत अडकलेलं ऑईल जागेवर जळून कोळसा होतं आणि पुढच्या वर्षी तुम्ही मला निळ्या धुराबद्दल लिहाल.


प्रश्न : मॉडिफाय केलेली पेट्रोल टर्बो गाडी थोडा निळा धूर मारते, तरी पीयूसी पास झाली. म्हणजे सगळं ठीक समजायचं का?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : नाही. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत धूर बघतच नाहीत. सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. धुराचा काळेपणा मोजणारा मीटर डिझेल गाड्यांसाठी असतो. तरीही ती चिठ्ठी फेकू नका, निदानाला ती फुकटात मिळते. बीएस-४ पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. मर्यादेत असलात तरी गेल्या वेळच्या चिठ्ठीशी ताडून पाहा. मोनॉक्साइड वाढला असेल तर पेट्रोल जास्त पडतंय : रिमॅप, ऑक्सिजन सेन्सर किंवा गळका इंजेक्टर. मोनॉक्साइड जागेवर आणि हायड्रोकार्बनच तेवढं वाढलेलं असेल, तर एखादा प्लग चुकतोय किंवा ऑईल जळतंय.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीत परवानगीशिवाय बदल करू देत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तसाच निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ ए खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कॅट काढणं यातलंच आहे. मला विचाराल तर ट्रॅकवरच्या गाडीत ते समजू शकतं. शहरात रोज चालवायच्या गाडीत त्यानं मिळणारे चार-पाच पीएस कोणाच्या लक्षातही येत नाहीत, आणि मागच्या दुचाकीवर बसलेल्या पोराच्या नाकात मात्र सगळं जातं.


प्रश्न : थंडीत सकाळी नव्या टर्बो गाडीतून भसाभस पांढरा धूर येतो, सायलेन्सरमधून पाणीही गळतं. सर्व्हिस सेंटरला नेऊ का?
– एक वाचक, रामटेक

उत्तर : पाच-दहा मिनिटांत थांबत असेल तर नेऊ नका. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघतं. हे जून-जुलैतही घडतं, फक्त दिसत नाही. थंड पाइपात त्या वाफेचं पाणी होतं आणि बाहेरच्या गार हवेत तिचं धुकं होतं. २९ डिसेंबर २०१८ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला होता, तसल्या सकाळी तर गल्लीतली प्रत्येक गाडी वाफ सोडते.

इंजिन गरम होऊनही धूर थांबला नाही, त्याला गोडसर वास आला आणि कूलंटची पातळी उतरत असेल, तर मात्र गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. गरम इंजिनच्या कूलंटचं झाकण उघडायला जाऊ नका. हेड गॅस्केट आहे की नाही ते एका साध्या टेस्टनं ठरतं : थंड इंजिनची कूलंटची बाटली उघडून तिच्या तोंडावर निळ्या द्रावाची नळी धरायची आणि मग गाडी सुरू करायची. सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर तो द्राव पिवळा पडतो. हेड उतरवण्याआधी ही टेस्ट करून द्यायला सांगा, आणि द्राव तुमच्यासमोर पिवळा होऊ द्या.